कुत्र्याचे जुलाब, दहीभात आणि मेचनिकॉफ

गोचीड ताप झालेल्या कुत्र्याला पशुवैद्य बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. कोर्स मोठा असतो, साधारण २८ दिवसांचा. पहिल्या काही दिवसांतच ताप उतरतो, कुत्रा उठून दारापर्यंत येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि अनेकदा नेमकं तेव्हाच त्याचं पोट बिघडतं. सकाळची ताटली जशीच्या तशी राहते. गोळी दिल्यावर तासाभरात उलटी होते. शी पातळ होते, कधी त्यात शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसतो. मग घरात दोन गोष्टी घडतात. ताप तर गेलाच आहे, असं म्हणून कोणी गोळ्या बंद करून टाकतं आणि कोणी दहीभात कालवायला घेतं.

दहीभाताचा सल्ला आपल्याकडे आजीकडून येतो, हे खरं. पण आतड्यात राहणाऱ्या जंतूंचं गणित बिघडलं की प्रकृती बिघडते आणि दह्यातले जंतू पोटात पाठवून ते सावरता येईल, हा विचार प्रयोगशाळेच्या भाषेत मांडून जगभर पसरवणारा माणूस होता इल्या मेचनिकॉफ. १९०८ सालच्या वैद्यकाच्या नोबेलचे ते मानकरी. पहिलं प्रतिजैविक रुग्णाला दिलं गेलं त्याच्या पाव शतक आधी ते वारले, त्यामुळे कुत्र्याच्या गोळ्यांशी त्यांचा थेट संबंध असण्याचं कारण नाही. तरीही या गोळ्यांनी पोटात काय होतं हे समजून घ्यायला त्यांचं आयुष्य फार उपयोगी पडतं. आतड्यातल्या जंतूंबद्दल त्यांना एकदा बरोबर धागा सापडला होता. पुढे वार्धक्याच्या भीतीनं तो त्यांच्या हातून सुटला.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ सालचा, आजच्या युक्रेनमधल्या खार्कोव्हजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा भाग होता. वडील झारच्या रक्षक दलातले अधिकारी, आई ज्यू घराण्यातून आलेली. मुलगा हुशार आणि उतावळा. खार्कोव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत संपवला आणि जर्मनीची वाट धरली. तिथे आणि पुढे इटलीच्या किनाऱ्यावर त्याचा विषय होता बिनकण्याचे प्राणी: कृमी, समुद्री गोगलगायी, तारामासे. १८६५ मध्ये जर्मनीत गीसन इथे एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आलं, की या जिवाच्या आतल्या पेशी अन्नाचे कण थेट गिळतात आणि स्वतःच्या पोटात पचवतात. म्हणजे पचन हे काम एकट्या पेशीलाही येतं. त्या वेळी ही एक बारीकशी नोंद होती. पुढचं सगळं काम त्या नोंदीतून निघालं.

घरचं आयुष्य मात्र सुखाचं नव्हतं. १८६९ मध्ये त्यांनी ल्युदमिला या तरुणीशी लग्न केलं. ती क्षयानं इतकी खंगली होती, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालटासाठी तिला उबदार प्रदेशांत नेण्यात पैसा आणि वेळ गेला, पण १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. त्यानंतर मेचनिकॉफ यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि ते वाचले. दुसरी पत्नी ओल्गा हिला १८८० मध्ये विषमज्वर झाला, ती बरी झाली. पण त्या काळात खचलेल्या मेचनिकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्या आजारातूनही ते उठले, आणि उठले ते जगण्याची ओढ घेऊन. वार्धक्य आणि मरण या विषयांनी या माणसाला शेवटपर्यंत का धरून ठेवलं, याचं उत्तर बहुधा या दहा वर्षांत आहे.

झार दुसरा अलेक्झांडर याची १८८१ मध्ये हत्या झाली आणि विद्यापीठांवर सरकारी वरवंटा फिरू लागला. ओडेसामधली प्राध्यापकी सोडून १८८२ मध्ये मेचनिकॉफ कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना या बंदरगावी राहायला गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. ते एकटे सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या अळीच्या पारदर्शक शरीरात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी पाहत होते. या पेशी अन्न गिळतात हे त्यांना माहीत होतं. त्या शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते अळीच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती त्या पेशींची गर्दी झालेली होती.

या पेशींना पुढे ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट असं नाव मिळालं. मराठीत आपण त्यांना भक्षकपेशी म्हणतो. आपल्या आणि कुत्र्याच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच काम करतात. रोगजंतू शरीरात शिरल्यावर शरीर नुसतं सोसत नाही, लढतं, हे सांगणारा हा पहिला ठोस पुरावा होता. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना तो पटला नाही. त्यांच्या मते संरक्षण करतात ती रक्तद्रवातली रसायनं, पेशी नंतर फक्त झाडलोट करतात. हा वाद वीसएक वर्षं चालला. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि विरुद्ध बाजूचे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांना विभागून दिलं गेलं. दोघंही बरोबर होते.

इथे गोचीड तापाकडे क्षणभर वळतो, कारण योगायोग मोठा आहे. आपल्याकडे गोचीड ताप या एका नावाखाली दोन-तीन वेगळे आजार येतात. त्यातल्या ज्या आजारासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं जातं त्याचा जंतू आहे एर्लिशिया कॅनिस. १९३५ मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि पुढे त्याला पाउल एर्लिश यांचं नाव मिळालं. हा जंतू राहतो कुठे? मेचनिकॉफ यांच्या भक्षकपेशींच्या आत. ज्या पेशीनं त्याला गिळून पचवायचं तिच्यातच तो घर करतो. म्हणून त्याला गाठायला पेशीच्या आत शिरणारं औषध लागतं आणि ते बरेच दिवस द्यावं लागतं. ताप तीन दिवसांत उतरला तरी लपलेले जंतू संपलेले नसतात. पोट बिघडलं म्हणून आठव्या दिवशी परस्पर गोळ्या थांबवण्यातला खरा धोका हाच. आजार काही महिन्यांनी परत डोकं काढू शकतो, आणि या वेळी रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

मेचनिकॉफ यांच्या आयुष्यात कुत्रे आले ते वेगळ्या वाटेनं. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या मुलाला लस टोचली आणि पुढच्याच वर्षी ओडेसात तशा उपचारांचं केंद्र उघडलं. पॅरिसबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काही केंद्रांपैकी ते एक. प्रमुख म्हणून मेचनिकॉफ यांना बोलावण्यात आलं. ते प्राणिशास्त्रज्ञ, त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नाही, त्यामुळे गावातले डॉक्टर नाराज. त्यातच, ते बाहेरगावी असताना, सहकाऱ्यांनी मेंढ्यांना टोचलेल्या काळपुळीच्या लशीनं हजारो मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉफ कंटाळले. १८८८ मध्ये पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली आणि ते कायमचे तिथे गेले.

त्यांच्या मागोमाग ओडेसाचा त्यांचा एक विद्यार्थी पॅरिसला आला. नोकरी मिळाली ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची. वाल्देमार हाफकिन त्याचं नाव. पटकीची लस करून तो १८९३ मध्ये भारतात आला आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

याच पटकीनं मेचनिकॉफ यांना आतड्याकडे नेलं. १८९२ मध्ये पॅरिसच्या परिसरात पटकीची साथ होती. पटकीचे जंतू पोटात गेले की सगळेच आजारी का पडत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी स्वतः ते जंतू गिळले. काही झालं नाही. मग स्वयंसेवकांनी गिळले. एकाला काही झालं नाही, एक मात्र मरणाच्या दारातून परत आला. आजच्या नैतिकतेच्या कोणत्याही कसोटीवर हा प्रयोग उभा राहणार नाही, आणि राहू नये. पण त्यातून मेचनिकॉफ यांनी जो तर्क काढला तो अचूक होता. फरक माणसांत नसून त्यांच्या आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जंतूंत असावा. प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंच्या शेजारी इतर जंतू वाढवून पाहिले, तर काहींच्या सोबतीनं पटकीचा जंतू फोफावला आणि काहींच्या सोबतीनं तो वाढेनासा झाला. म्हणजे आतड्यातले कायमचे रहिवासी बाहेरून येणाऱ्याला जागा द्यायची की नाही हे ठरवतात.

हा तो धागा. आज पशुवैद्यकात आणि माणसांच्या वैद्यकात प्रतिजैविकांच्या जुलाबांचा जो खुलासा दिला जातो, त्याचं मूळ इथे आहे. पण मेचनिकॉफ यांनी तो पुढे नेला नाही. वय पन्नाशी ओलांडत होतं, प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या आणि त्यांचं मन वार्धक्याकडे वळलं होतं.

नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलेलं मत असं होतं. मोठं आतडं हा उत्क्रांतीनं मागे टाकलेला, निरुपयोगी अवयव आहे. त्यात अन्नाचा उरलेला भाग साठतो, जंतू तो सडवतात आणि त्यातून निघणारी विषं रक्तात जाऊन माणसाला म्हातारं करतात. पक्ष्यांचं आतडं आखूड, त्यात मळ साठत नाही, म्हणून पोपट इतकी वर्षं जगतो. आपण मात्र पोटात उकिरडा घेऊन हिंडतो. १९०४ मध्ये पॅरिसला त्यांनी वार्धक्यावर व्याख्यान दिलं आणि वर्तमानपत्रांनी ते जगभर नेलं. हा विचार काही डॉक्टरांच्या इतका डोक्यात गेला, की लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन हे नामांकित शल्यविशारद लोकांची मोठी आतडी कापून काढू लागले. त्या काळात पोटाची शस्त्रक्रिया ही केवढी जोखीम होती हे लक्षात घेतलं, तर एखादी सुंदर कल्पना किती महाग पडू शकते याचा अंदाज येतो.

मेचनिकॉफ यांनी स्वतः निवडलेली वाट सौम्य होती. आतड्यातले जंतू औषधांनी धुऊन काढायचे तर त्या काळची जंतुनाशकं शरीरालाच बाधायची. मग त्यांनी उलटा विचार केला. आंबवलेल्या दुधातलं आम्ल सडवणाऱ्या जंतूंना रोखतं, तर ते आम्ल तयार करणारे जंतूच पोटात पेरावेत. बल्गेरियातले खेडूत आंबट दही खातात आणि त्यांच्यात शंभरी गाठलेले पुष्कळ असतात, असं बोललं जाई. जन्मनोंदी धड नसलेल्या काळात शंभरीचे दावे किती मानायचे हा प्रश्न आहेच. पण १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन विद्यार्थ्यानं जीनिव्हात त्या दह्यातला जंतू वेगळा काढला होता आणि मेचनिकॉफ यांना हवं ते मिळालं होतं. ते रोज आंबवलेलं दूध घेत, कच्ची भाजी आणि फळं टाळत, सगळं उकडून खात. बघता बघता युरोप आणि अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत दह्याच्या गोळ्या आणि विरजणं विकली जाऊ लागली. आपल्या घरी रोज रात्री विरजण लावणाऱ्या कोणाला याची गंमत वाटेल.

दरम्यान त्यांच्याच संस्थेत हेन्री तिसिए हे बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या बाजूनं काम करत होते. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांच्या आतड्यात एक विशिष्ट, दोन फाटे फुटलेला जंतू भरपूर असतो, हे त्यांना आढळलं. तो जंतू जुलाब झालेल्या बाळांना देऊन पाहण्याचं त्यांनी सुचवलं. तिसिए यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. माझ्या मते आतड्यातल्या मूळ रहिवाशांकडे मित्र म्हणून पाहणारी त्यांची नजर त्या वेळी मेचनिकॉफ यांच्यापेक्षा जास्त सरळ होती.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मेचनिकॉफ यांची प्रयोगशाळा रिकामी झाली. तरुण सहकारी आघाडीवर गेले. हृदय थकलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला सांगून ठेवलं, की शवविच्छेदन करशील तेव्हा आतडी नीट बघ. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे.

त्यांच्या मागे बल्गेरियन दह्याची गोष्ट फार टिकली नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रेटगर आणि चेपलिन यांनी दाखवलं, की हा जंतू आतड्यात मुक्कामच करत नाही. खाल्ला तोवर असतो, थांबलं की निघून जातो.

आणि मग प्रतिजैविकं आली. मेचनिकॉफ यांना जे करायचं होतं आणि करता येत नव्हतं, म्हणजे आतड्यातल्या जंतूंची सरसकट कत्तल, ते आता एका गोळीनं होऊ लागलं. त्यांचं म्हणणं खरं असतं तर प्राणी ताजेतवाने व्हायला हवे होते. १९४३ मध्ये गिनीपिगना पेनिसिलिन टोचलं तर ते मेले. माणसाला आणि उंदराला जवळजवळ निरुपद्रवी असलेलं औषध गिनीपिगला का मारतं हे तेव्हा कोणाला कळेना. पुढे कळलं, की त्याच्या आतड्यातले नेहमीचे जंतू पेनिसिलिननं मरतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम गटातले विष तयार करणारे जंतू माजतात आणि तेच त्याचा जीव घेतात. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पहिली चाचणी उंदरांवर झाली, गिनीपिगवर नाही, हे आपलं नशीब. १९५० च्या दशकातला उंदरांवरचा आणखी एक प्रयोग तर मेचनिकॉफ यांच्या पटकीच्या तर्काची फेरतपासणीच म्हणावी. उंदराला साल्मोनेलाची बाधा व्हायला एरवी लाखाच्या घरात जंतू लागत. तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिनचा एकच डोस दिल्यावर दहापेक्षाही कमी जंतू पुरेसे झाले. दारावरचे राखणदार गेले की कोणीही आत शिरतं.

कुत्र्यात हेच घडतं, फक्त इतकं भयंकर क्वचितच. प्रतिजैविकांनी कुत्र्याचं पोट बिघडण्याची कारणं एकाहून अधिक आहेत. डॉक्सिसायक्लिन जठराच्या अस्तराला थेट झोंबतं, म्हणून गोळीनंतर लगेच होणारी उलटी बहुधा त्यामुळे असते. एरिथ्रोमायसिन आतड्याची हालचालच वाढवतं. अमॉक्सिसिलिनसोबत येणारं क्लॅव्युलॅनिक आम्लही काही कुत्र्यांना सोसत नाही. ही कारणं पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होणाऱ्या पातळ शीमागे बऱ्याचदा जंतूंचं बिघडलेलं गणित असतं. न पचलेल्या तंतूंपासून हे जंतू जी आम्लं बनवतात ती मोठ्या आतड्याच्या पेशींचं अन्न असतात आणि पाणी शोषून घ्यायला मदत करतात. जंतू गेले की ते काम थांबतं.

दुसरा भाग पित्ताचा आहे. यकृतातून येणारी पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर काही जंतू त्यांचं रूप बदलतात. कुत्र्यात हे काम मुख्यतः एकच जंतू करतो, क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस. नाव शत्रूच्या घराण्याचं, पण हा घरातला माणूस. तो गेला की न बदललेली पित्ताम्लं आतड्यात पाणी ओढतात, शी पातळ होते, आणि बदललेल्या पित्ताम्लांमुळे दबून राहणारे उपद्रवी जंतू मोकळे होतात. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे मेट्रोनिडाझोल देऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध थांबवल्यावर चार आठवड्यांनीही काही कुत्र्यांमधले जंतू मूळ स्थितीला आलेले नव्हते.

मेट्रोनिडाझोलचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्याकडे कुत्र्याला जुलाब झाले की घरात माणसांसाठी आणून ठेवलेली हीच गोळी अर्धी करून देण्याची पद्धत आहे. एका प्रतिजैविकानं झालेल्या जुलाबांवर दुसरं प्रतिजैविक देणं म्हणजे उरलेसुरले रहिवासीही हाकलणं. साध्या, अचानक झालेल्या जुलाबांत कुत्रा हिंडताफिरता असेल, तर प्रतिजैविक देऊ नये, असं अलीकडच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्याही परस्पर देऊ नयेत. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांमध्ये एक आनुवंशिक दोष असतो. त्यामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचतं आणि कुत्रा झिंगल्यासारखा होतो किंवा बेशुद्ध पडतो.

मग दहीभाताचं काय? साधं, ताजं, बिनसाखरेचं दही चमचाभर बहुतेक कुत्र्यांना चालतं आणि मऊ भात पचायला हलका असतो, त्यामुळे आजीचा सल्ला वाईट नाही. पण येलच्या प्रयोगानं सांगितलेलं इथेही लागू आहे. दह्यातले जंतू कुत्र्याच्या आतड्यात वस्ती करत नाहीत, ते पाहुणे म्हणून जातात. कुत्र्यांसाठी बनवलेली प्रोबायोटिक पूड पशुवैद्य देतात, तिचा काहींना फायदा होतो, पण पुरावा अजून थोडा आहे आणि तो जंतूच्या वाणागणिक बदलतो. ती द्यायची तर प्रतिजैविकाच्या वेळेपासून दोन-तीन तास बाजूला ठेवून, नाहीतर गोळी तिलाही मारते.

दह्याची दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार कमी घरांत माहीत असते. दूध-दह्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांना धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. डॉक्सिसायक्लिनवर हा परिणाम जुन्या टेट्रासायक्लिनइतका होत नाही, पण होतो. एन्रोफ्लॉक्सासिनलाही कॅल्शियम मानवत नाही. म्हणून गोळी दह्यात, दुधात किंवा पनीरच्या तुकड्यात लपवून देऊ नये. डॉक्सिसायक्लिन द्यायचं ते साध्या अन्नासोबत, भात किंवा उकडलेल्या कोंबडीच्या घासात, आणि वर पाणी पाजून. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. दही हवंच असेल तर दोन-तीन तासांनी. काही प्रतिजैविकं मात्र रिकाम्या पोटीच चांगली लागू पडतात, तेव्हा चिठ्ठी लिहून घेताना हे विचारून घ्यावं. बाजारातलं गोड, फळांचं दही तर नकोच. त्यात झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असेल तर तो कुत्र्याला विषारी ठरतो. कोर्स चालू असेपर्यंत कच्चं मांस आणि कोंबडीची कच्ची आतडीही देऊ नयेत, कारण साल्मोनेलाला अडवणारे राखणदार त्या दिवसांत कामावर नसतात.

गोळीनंतर एखादी उलटी झाली, शी थोडी मऊ झाली, पण कुत्रा पाणी पितो, शेपूट हलवतो, तर डॉक्टरांना फोन करून कळवावं आणि कोर्स चालू ठेवावा. बहुतेक वेळा अन्नासोबत गोळी देणं, दिवसाचा डोस दोनदा विभागणं किंवा गोळी बदलणं एवढ्यानं भागतं, पण हे त्यांनी ठरवायचं. शीमध्ये रक्त, काळी डांबरासारखी शी, दिवसभरात तीन-चारपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, हिरड्या फिक्या पडणं, किंवा चोवीस तास काहीच न खाणं, यातलं एकही दिसलं तर वाट बघू नये. पिल्लू असेल तर याच्या निम्म्या वेळातच दवाखाना गाठावा, त्याच्या अंगातलं पाणी फार लवकर संपतं. आणि गोचीड तापाच्या कुत्र्यात फिक्या हिरड्या किंवा काळी शी दिसली, तर ते गोळीमुळे आहे असं धरून चालू नये. त्या आजारात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.